उंबरठ्यावरचा उतारा

नवीन पनवेलात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. पत्र्याच्या कुंपणावर महारेराचा नोंदणी क्रमांक, त्याखाली वास्तुविशारदाचे नाव, आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत एक शब्द : प्रवर्तक. सकाळी दूध आणायला जाताना तो रोज डोळ्यांखालून जातो. इंग्रजी पाट्यांवरचा प्रमोटर सरकारी मराठीत आला तो असा भारदस्त होऊन. हा गृहस्थ स्वतः विटा रचत नाही, सळ्या बांधत नाही, उद्या त्या घरात राहायलाही येणार नाही. पण काम कधी सुरू व्हायचे, कोणत्या वेगाने चालायचे आणि कधी अडून बसायचे, हे त्याच्यावाचून ठरत नाही. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांतही जनुकाच्या अलीकडे असलेल्या काही शे अक्षरांच्या पट्ट्याला हेच नाव आहे, आणि तिथला प्रवर्तकही नेमका असाच वागतो. प्रथिन त्याच्या पलीकडच्या मजकुरातून घडते. त्याच्या स्वतःच्या अक्षरांतून काहीच घडत नाही. तो फक्त सांगतो : आता, इथे, एवढेच.

चेतापेशीतला असा एक प्रवर्तक आज आपण उतारा वाचावा तसा वाचू. निवड करायला जागा पुष्कळ आहे, कारण माणसाच्या पेशीत प्रथिने सांगणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. मी निवडले आहे ते बीडीएनएफ नावाचे जनुक. चेतापेशींना जगवणारे, त्यांच्या फांद्यांना धुमारे फोडणारे हे प्रथिन १९८२ साली इव्ह-अलँ बार्ड आणि हान्स थोएनन यांच्या प्रयोगशाळेत डुकरांच्या मेंदूंतून वेगळे केले गेले. किलोच्या हिशोबाने मेंदू घ्यावेत तेव्हा कुठे मायक्रोग्रॅमच्या मापाने हाती लागावे, इतके ते विरळ. पण माझ्या निवडीमागचे खरे कारण जवळचे आहे. आमच्या स्टेशनातून निघणारी हार्बरची गाडी जिथे थांबते, त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुढे, कुलाब्याच्या टोकाला, नौदलाच्या वसाहतीला लागून, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या जनुकाच्या एका प्रवर्तकाचे फार बारकाईने वाचन झाले आहे. तिथवर आपण पोचूच. पण हार्बरची गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत जाते, तसेच आपणही थांबत जाऊ.

पहिले आश्चर्य उताऱ्याच्या बाहेरचेच आहे. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा ग्रंथ आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जवळपास जसाच्या तसा असतो. यकृतातल्या पेशीजवळ तोच, कातडीच्या पेशीजवळ तोच, आणि मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी प्रत्येकीजवळही तोच. मग एक पेशी पित्त का स्रवते आणि दुसरी आठवण का धरून ठेवते? इथे मला मम्मटाची आठवण होते. काव्यप्रकाशात त्याने एक साधेसे वाक्य घेतले आहे, सूर्य मावळला एवढेच, आणि तेच वाक्य ऐकणाऱ्यागणिक कसे निराळे होते ते उलगडून दाखवले आहे : कुणाला ते शत्रूवर चाल करण्याची वेळ झाल्याचे सांगते, कुणाला प्रियकराकडे निघण्याची, कुणाला गुरे गोठ्यात वळवण्याची, कुणाला हातातले काम थांबवण्याची. वाक्य एकच आणि वाच्यार्थही एकच. निराळा असतो तो ऐकणारा. प्रवर्तकाचे सारे सौंदर्य या तत्त्वावर उभे आहे. तो पट्टा सर्व पेशींत सारखाच लिहिलेला आहे, पण त्याचे वाचन करणारी प्रथिने पेशीपेशीत वेगळी आहेत. आपल्या साहित्यशास्त्राने ज्याला सहृदय म्हटले, तो वाचक इथे अक्षरशः रेणूच्या रूपाने हजर असतो आणि त्याच्यावाचून उतारा मुका राहतो.

मुकेपणावरूनच पुढे जाऊ, कारण चेतापेशीच्या जनुकांबाबतीतला मला सर्वाधिक मोहवणारा तपशील मुकेपणाचाच आहे. चेतापेशीला लागणाऱ्या शेकडो जनुकांच्या आसपास २१ अक्षरांची एक खूण आढळते, आणि रेस्ट नावाचे प्रथिन ती ओळखून तिच्यावर बसते. १९९५ साली दोन प्रयोगशाळांनी हे स्वतंत्रपणे दाखवले. गंमत अशी की रेस्ट मुख्यतः चेतापेशी नसलेल्या पेशींत असते. म्हणजे यकृताच्या पेशीत मेंदूची जनुके नुसती निजलेली नसतात, त्यांच्या दारावर माणूस बसवून त्यांना गप्प ठेवलेले असते. भ्रूणात एखादी पेशी चेतापेशी होऊ लागते तेव्हा हा पहारेकरी हळूहळू उठून जातो. नाव तर पाहा, रेस्ट! इंग्रजीत विश्रांती, आणि पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत मौनाचे चिन्ह. लघुरूप जुळवताना शास्त्रज्ञांनाही कधी कधी कविता सुचते. चेतापेशी होणे म्हणजे, निदान अंशतः, एका जुन्या मनाईतून सुटणे आहे, ही कल्पना मी कित्येक दिवस मनात घोळवत होतो.

आता उताऱ्याच्या दाराशी येऊ. दाराशी म्हणालो खरे, पण बीडीएनएफला दार एक नाही. १९९३ मध्ये त्याला चार प्रवर्तक असल्याचे कळले होते. २००७ साली उंदीर आणि माणूस या दोघांच्या जनुकांची मांडणी नव्याने झाली तेव्हा ही संख्या नऊच्या घरात गेली. नऊ दारे, पण आत गेल्यावर खोली तीच. कुठल्याही दाराने वाचन सुरू झाले तरी प्रथिनाचा मजकूर शेवटच्या एकाच खंडात असतो आणि तो बदलत नाही. एखाद्या अडाणी हिशेबनिसाने याला उधळपट्टी म्हटले असते. पण आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजा वेगळा, परसदार वेगळे, गोठ्याकडचे वेगळे, ते काय उगाच? कोण येते, केव्हा येते आणि कशासाठी येते, यावर दार ठरे. इथेही एक दार मेंदूच्या एका भागात अधिक उघडते, दुसरे दुसऱ्या भागात, एखादे मेंदूबाहेरच्या अवयवांत. आणि एक दार, ज्याला आज चौथा प्रवर्तक म्हणतात (जुन्या मोजणीत तोच तिसरा होता, सिडकोच्या वसाहतीत पत्ता विचारणाऱ्याला असल्या गोंधळाचे नवल वाटू नये), विशेषेकरून तेव्हा उघडते जेव्हा चेतापेशी स्वतः उद्दीपित होते, म्हणजे जेव्हा बाहेर काहीतरी घडते आणि ते तिच्यापर्यंत पोचते.

हे चौथे दार आपला उतारा. त्यात दाराच्या चौकटीपासून मागे, ऐंशी अक्षरांच्या आत, कॅल्शियमच्या हाकेला ओ देणाऱ्या तीन खुणा एकापाठोपाठ एक ओवलेल्या आहेत. तीन वेगवेगळी प्रथिने त्या तिघींवर बसतात. पहिल्या दोघींना मी घाईत नमस्कार करून पुढे जातो, कारण चौकटीच्या सर्वांत जवळची तिसरी खूण मला कधीपासून खुणावते आहे. तिचा मूळ नमुना आठ अक्षरांचा : टी जी ए सी जी टी सी ए. सीआरई हे तिचे नाव, आणि १९८६ साली मार्क मॉन्टमिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती प्रथम सोमॅटोस्टॅटिन नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या प्रवर्तकात ओळखली.

ही आठ अक्षरे सावकाश वाचावीत. डीएनएचे दोन धागे एकमेकांसमोर, उलट्या दिशांनी धावतात आणि ए समोर टी, जी समोर सी अशी त्यांची जोडी ठरलेली असते. आता समोरच्या धाग्यावरची आठ अक्षरे त्या धाग्याच्या दिशेने वाचून पाहा : टी जी ए सी जी टी सी ए. तीच! लहानपणी आपण सगळ्यांनी चिमा काय कामाची हे वाक्य उलटसुलट वाचून पाहिले आहे, रामाला भाला मारा म्हणून टाळ्या पिटल्या आहेत. तिथे एकच ओळ दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येते. इथे ओळ संपली की समोरच्या काठावर जाऊन परतीच्या वाटेने यायचे, आणि तीच ओळ पुन्हा भेटायची. शब्दांच्या खेळात विलोमपद हा नुसता चमत्कार असतो, त्याच्या अर्थाची फारशी चौकशी कुणी करत नाही. निसर्गात मात्र या चमत्काराला कारण आहे. या खुणेवर बसणारे क्रेब हे प्रथिन एकटे येत नाही. त्याचे दोन सारखे रेणू एकमेकांत गुंतून जोडीने येतात, आणि एकाने इकडचा अर्धा भाग धरला की दुसऱ्याला समोरच्या काठाने तसाच अर्धा भाग मिळतो. पालखीला दोन्हीकडे भोई लागतात, तसे. दोघांच्या खांद्यांची उंची सारखी म्हणून दांडीही दोन्ही टोकांना सारखी.

आणि आता रसिकाने जरा पुढे झुकून बसावे अशी जागा. उंदराच्या बीडीएनएफच्या चौथ्या प्रवर्तकात ही खूण शुद्ध रूपात नाहीच! तिथे लिहिलेले आहे : टी सी ए सी जी टी सी ए. दुसऱ्या जागी जी हवा होता, तिथे सी आला आहे. एका अक्षराने विलोमपद मोडले आहे. मराठी माणसाला एका अक्षराची किंमत वेगळी सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात ध चा मा झाला असे आपण अजून म्हणतो, मग इतिहासकार काहीही म्हणोत. पण इथला बदल तसा घातक नाही. परिपूर्ण आठ अक्षरांवर क्रेबची जोडी घट्ट बसते, ढळलेल्या नमुन्यावर पकड जराशी सैल असते, हा एकंदर अनुभव आहे. पकड सैल असली की शेजारच्या दोन खुणांवरच्या प्रथिनांची साथ मोलाची ठरते, आणि दार कुणा एकट्याच्या धक्क्याने उघडत नाही, तिघांच्या एकमताने उघडते. निर्दोष ओळ लिहून दाखवण्याऐवजी जाणूनबुजून एक मात्रा ढिली ठेवणारा कवी मला नेहमी जास्त जाणता वाटत आला आहे. उत्क्रांतीत जाणूनबुजून असे काही नसते, हे मला माहीत आहे. तरी वाचताना तसे वाटते, आणि वाटले ते लपवणे रसग्रहणाच्या शिष्टाचारात बसत नाही.

खूण वाचून झाली, आता तिच्यापर्यंत निरोप कसा येतो ते पाहू. चेतापेशीतला विद्युत्स्पंद सुमारे एक सहस्रांश सेकंद टिकतो. जनुक वाचून त्यापासून प्रथिन तयार व्हायला मात्र मिनिटांपासून तासांपर्यंत वेळ लागतो. इतका क्षणभंगुर झटका आणि इतके सावकाश काम, यांचा मेळ कसा बसावा? पेशीच्या आवरणातल्या दारांतून कॅल्शियम आत शिरते, एका प्रथिनाला धरते, ते पुढच्याला जागे करते, आणि या मालिकेच्या शेवटी क्रेबच्या साखळीतल्या १३३व्या जागी असलेल्या सेरीन या घटकावर फॉस्फेटचा एक गट येऊन बसतो. १९८९ मध्ये गोन्झालेझ आणि मॉन्टमिनी यांनी ही नेमकी जागा दाखवली. कपाळावर हे गंध लागले की मगच क्रेब आपल्या मदतनिसांना बोलावू शकते. एखादा चुकार स्पंद आला तर ते गंध लगेच पुसले जाते. स्पंद येतच राहिले तर टिकते. म्हणजे प्रत्येक खुट्ट आवाजाला हे दार उघडत नाही. हाक खरीच आहे ना, याची ते थोडा वेळ खात्री करून घेते. चेतापेशीतलेच सी-फॉस नावाचे दुसरे जनुक मात्र काही मिनिटांतच वाचले जाऊ लागते आणि तासाभरात ओसरते. ते द्रुत लयीचे. बीडीएनएफ त्यामानाने विलंबितात रंगते.

या खुणेखातर २००८ साली मायकेल ग्रीनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने एक प्रयोग केला. त्यांनी उंदरांच्या जनुकात फक्त चौथ्या प्रवर्तकातली ही सीआरई बिघडवली. प्रथिनाचा मजकूर अक्षरही न हलवता तसाच ठेवला, बाकीची दारेही शाबूत ठेवली. उंदीर जन्मले, वाढले. पण चेतापेशी उद्दीपित झाल्यावर बीडीएनएफ जसे उसळून यायला हवे तसे येईना, आणि मेंदूच्या बाह्यकात शांतवणारे, म्हणजे इतर पेशींना आवरणारे, चेतापेशींमधले जोड कमी बनू लागले. शब्दकोशात सगळे शब्द होते. फक्त एक शब्द वेळेवर उच्चारला जात नव्हता.

पुन्हा एकदा उताऱ्याच्या मध्यावर जाऊ : सी आणि त्याला लागूनच जी. ढळलेल्या नमुन्यातही ही जोडी अढळ आहे. डीएनएत सी नंतर लगेच जी आला की त्या सी वर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा इवलासा मिथिल गट चढू शकतो. अक्षर बदलत नाही, त्याच्या डोक्यावर फक्त टिंब येते. आपल्या आजोबांच्या पत्रांत नांव, गांव, कांहीं असे लिहिलेले असे. ते अनुस्वार उच्चारात येत नसत, पण शुद्ध लिहिणाऱ्याला ते गाळता येत नसत. १९६२च्या नियमांनी त्यांना रजा दिली. मिथिलचे टिंबही प्रथिनाच्या उच्चारात कुठेच ऐकू येत नाही. पण वाचकाला ते अडवते. सीआरईच्या पोटातल्या सी वर टिंब असेल तर क्रेबला बसता येत नाही, आणि ज्याला टिंबेच आवडतात असे दुसरे एक प्रथिन, मेकपी-२, तिथे येऊन ठाण मांडते. २००३ साली एकाच नियतकालिकात लागोपाठ आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवले की शांत चेतापेशीत मेकपी-२ बीडीएनएफच्या याच प्रवर्तकावर बसलेले असते, आणि पेशी उद्दीपित झाली की तिथून हलते. या मेकपी-२चे जनुक बिघडले तर रेट सिंड्रोम होतो, हे हुडा झोघबी यांच्या गटाने १९९९ मध्ये शोधले होते. त्या मुली, कारण हा विकार बहुतांशी मुलींनाच होतो, वर्षा-दीड वर्षाच्या होईपर्यंत नीट वाढतात आणि मग शिकलेले शब्द, हातांची शिकलेली कामे हळूहळू सुटत जातात. इथे माझी लेखणी अडखळते. सौंदर्याच्या शोधात निघालेल्याने दुःखावरून घसरत पुढे जाऊ नये, म्हणून फक्त नोंद करतो.

टिंबाच्या निमित्ताने एक शेजारची गोष्ट. आमच्या पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था आहे, आणि हार्बरच्या डब्यात कधी कधी समोरच्या बाकावर मांडीवर जाड फाइल घेतलेले कुणीतरी बसलेले असते. मेंदूत होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीच्या तपासणीत एमजीएमटी नावाच्या जनुकाच्या प्रवर्तकावर टिंबे आहेत का, हे पाहतात. हे जनुक डीएनएची डागडुजी करते. त्याच्या प्रवर्तकावर टिंबे असतील तर ते मुके होते, गाठीला स्वतःची दुरुस्ती जमत नाही, आणि टेमोझोलोमाइड हे औषध अधिक उपयोगी पडते, असे २००५ साली स्पष्ट झाले. ही गाठ चेतापेशींची नव्हे, त्यांच्या सोबतिणी असलेल्या ग्लिया पेशींच्या जातकुळीची. पण कुणाच्या तरी मांडीवरच्या त्या फाइलमध्ये आपला शब्द असू शकतो, हे मला त्या प्रवासात विसरता येत नाही.

आता कुलाबा. तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या जीवशास्त्र विभागात विदिता वैद्य यांचा गट भावना आणि ताण यांचा मेंदूवर काय ठसा उमटतो ते अभ्यासतो. त्यांना २०१५ चा भटनागर आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. वैद्य यांच्या गटाने उंदरांची पिल्ले जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवली, आणि मग त्यांना वाढू दिले. पुढे हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित असलेल्या समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागात, आपला हाच चौथा प्रवर्तक तपासला. इथे वाचन अक्षरांचे नव्हते, रिळांचे होते. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, दर रिळावर सुमारे १४७ अक्षरे, दोन वेढ्यांना जराशी कमी. या रिळांच्या शेपट्यांवरही खुणा चढतात, आणि त्यांतल्या काही खुणांचा अर्थ असतो : हा भाग बंद.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने मला चकित केले, कारण तो एका दिशेने धावत नाही. तरुणपणी या उंदरांच्या चौथ्या प्रवर्तकावर बंदच्या खुणा कमी होत्या, बीडीएनएफ जास्त होते, आणि ताणाच्या प्रसंगात शिकण्यात हे उंदीर इतरांहून सरस ठरले. मध्यमवयात चित्र उलटले : त्याच जागी बंदच्या खुणा वाढल्या, बीडीएनएफ घटले, नव्या चेतापेशींची निपज मंदावली, स्मृती मागे पडली. एकाच उताऱ्याला आयुष्याच्या दोन अंकांत दोन परस्परविरोधी टिपा लागल्या, आणि दोन्हींचे मूळ पाळण्यातल्या त्या काही तासांच्या विरहात. मोठेपणी नैराश्यावरचे औषध दिल्यावर मध्यमवयातल्या खुणा, प्रथिन आणि स्मृती पुन्हा ठिकाणावर आली, हेही त्याच कामात आहे. यावरून माणसाच्या बालपणाबद्दल लगोलग प्रवचन सोडण्याचा मोह मी आवरतो. उंदीर तो उंदीर. मला रस आहे तो तारुण्यातल्या त्या उघडलेल्या दारात. दुःख सोसलेला तरुण अधिक तल्लख दिसतो, आणि त्याची किंमत पन्नाशीत मोजतो, ही गोष्ट आपण कादंबऱ्यांत वाचली आहे, नात्यागोत्यांत पाहिली आहे. पण ती काही अक्षरांच्या पट्ट्याभोवतीच्या रिळांवर लिहिलेली पाहायला मिळेल, असे निदान मला कधी वाटले नव्हते.

उतारा संपत आला. जनुकवाचनाच्या आरंभाची जागा शास्त्रज्ञ अधिक एक अशी मोजतात, आणि अलीकडची अक्षरे उणे एक, उणे दोन, अशी मागे मागे जातात. आपली सीआरई उणे तिसाच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर. अनेक जनुकांत या टापूत टी ए टी ए अशी प्रसिद्ध पेटीही असते. १९७८ च्या सुमारास ती ओळखली गेली, आणि तिच्यावर बसणारे प्रथिन डीएनएला धनुष्यासारखे वाकवते. मात्र माणसाच्या बहुसंख्य जनुकांच्या दारात ती नसतेच, म्हणून तिच्यासाठी आपण थांबत नाही. इथे वाचक यंत्र, आरएनए पॉलिमरेज, येऊन उभे राहते. क्रेबच्या कपाळी गंध आहे, मेकपी-२ उठून गेले आहे, रिळे सैल झाली आहेत. उणे तीन, उणे दोन, उणे एक. आणि या मोजणीत शून्य नाही. उणे एकच्या पुढचे अक्षर थेट अधिक एक. तिथून प्रवर्तक संपतो आणि जनुक बोलू लागते.